डॉकवर उभा ट्रक धरून ठेवणारी साधने : रबरी चोक, हुक आणि रेल-लॉक यांचा दीड वर्षाचा अनुभव

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या गोदामाचे काम मी पाहतो, तेथे चार लोडिंग डॉक, म्हणजे ट्रक मागून लावून माल भरण्याचे उंच ओटे आहेत. डाळ मिलमधून आलेली पोती पॅलेटवर रचायची आणि फोर्कलिफ्टने थेट ट्रकच्या हौद्यात नेऊन ठेवायची, ही पद्धत आम्ही सहा वर्षांपूर्वी सुरू केली. त्यामुळे हमालांची पाठ वाचली, पण माल भरताना ट्रक जागचा सरकण्याचा एक नवा धोका दारात आला. पोती पाठीवरून वाहिली जात असताना ट्रक चार बोटे पुढे गेला तरी कोणाचे काही बिघडत नव्हते. साडेचार टनांचे यंत्र आत-बाहेर करू लागल्यावर तीच चार बोटे जिवावर बेतू शकतात. या धोक्यावर उपाय म्हणून आम्ही गेल्या दीड वर्षात तीन प्रकारची साधने विकत घेतली, आणि त्यांच्याविषयीचे हे परीक्षण आहे. पुरवठादारांची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत, कारण माझ्या निम्म्या तक्रारी यंत्राविषयी नसून ते बसवून देण्याविषयी आणि नंतरच्या सेवेविषयी आहेत.

खरेदीला निमित्त झाले ते दोन नंबरच्या डॉकवरच्या एका संध्याकाळचे. दहा चाकी ट्रकमध्ये चौदावे पॅलेट ठेवून फोर्कलिफ्ट मागे येत होती. हौद्यापाशी उभ्या असलेल्या पारोळ्याकडच्या एका हमालाने ओरडून सांगितले, ‘भाऊ, गाडी सरकी राहिनी!’ चालकाने घाईने यंत्र लेव्हलरवरून (डॉक आणि हौदा यांच्यामधली फट सांधणाऱ्या पोलादी फळ्यावरून) गोदामात घेतले, आणि त्याची मागची चाके फरशीवर येतात न येतात तोच लेव्हलरची पुढची पट्टी हौद्याच्या काठावरून निसटून धाडकन खाली पडली. ट्रक आणि डॉक यांच्यामध्ये सुमारे वीतभर फट पडली होती. ड्रायव्हरने हँडब्रेक ओढला नसेल असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले आणि त्याला बोलही लावले, पण केबिनमध्ये चढून पाहिले तेव्हा हँडब्रेक ओढलेला होता आणि गाडी गिअरमध्येही होती.

असे का होते, हे आम्हाला नंतर समजले, आणि ते समजल्याशिवाय कोणते साधन घ्यावे हे ठरवता येत नाही. तीन टन क्षमतेच्या डिझेल फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजन साडेचार टनांच्या आसपास असते. त्यावर टनभराचे पॅलेट. हे ओझे हौद्यात शिरून ब्रेक मारते तेव्हा ते ट्रकला पुढे, म्हणजे डॉकपासून दूर ढकलते. पॅलेट ठेवून यंत्र मागे निघते तेव्हा त्याची चाके हौद्याच्या तळाला रेटा देतात, आणि तो रेटाही पुन्हा डॉकपासून दूरच असतो. म्हणजे आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळी धक्का एकाच दिशेने बसतो आणि एकाची भरपाई दुसरा करीत नाही. शिवाय आमच्या डॉकसमोरच्या काँक्रीटला पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून बाहेरच्या बाजूला उतार दिलेला आहे. ट्रकचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, आणि त्याचे लायनर झिजलेले असतील तर एकेका फेरीत थोडाथोडा सरकणारा ट्रक चौदा फेऱ्यांत कोठे जाईल, हे सांगण्यासाठी गणित लागत नाही. लेव्हलरची पट्टी हौद्यावर जेमतेम दहा-बारा सेंटिमीटर टेकलेली असते.

सर्वात आधी आम्ही रबरी चोक, म्हणजे चाकाला लावायच्या पाचरी आणल्या. हे चोक स्वस्त आहेत, त्यांना वीज लागत नाही आणि योग्य रीतीने लावले तर उपयोगी आहेत, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. फोर्कलिफ्ट ट्रकमध्ये शिरण्यापूर्वी ट्रकचे ब्रेक लावलेले असावेत आणि मागच्या चाकांना चोक असावेत, असे अमेरिकेच्या ओएसएचए या कामगार-सुरक्षा यंत्रणेचा १९१०.१७८ हा नियमही सांगतो. परंतु ‘योग्य रीतीने’ या दोन शब्दांतच सारी मेख आहे. चोक चाकाच्या पुढच्या बाजूला, दोन्ही अंगांना आणि टायरला घट्ट चिकटवून लावावा लागतो. त्यासाठी माणसाला दोन ट्रकच्या मधल्या अरुंद बोळात, तेलाने निसरड्या झालेल्या जागेत वाकावे लागते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना तापलेल्या काँक्रीटवर वाकायला कोणी राजी नसते. मग चोक लांबूनच पायाने सरकवला जातो. आमचे आठपैकी तीन चोक पहिल्या सहा महिन्यांत ट्रकबरोबर निघून गेले. त्यात चोरीचा भाग किती आणि विसराळूपणाचा किती, हे मी सांगू शकत नाही, पण तेव्हापासून उरलेले पाच चोक डॉकच्या भिंतीला पंधरा फूट साखळीने बांधलेले आहेत. एक महत्त्वाची मर्यादा अशी की, इंजिन चालू करून ड्रायव्हर खरोखरच निघाला तर भरलेला ट्रक वीसेक सेंटिमीटर उंचीच्या चोकवरून सहज चढून जातो. सरकणे रोखण्यासाठी चोक पुरतो. चुकून निघालेली गाडी त्याने थांबत नाही.

दुसरे साधन हुकाचे. डॉकच्या भिंतीवर, लेव्हलरच्या बरोबर खाली एक पोलादी पेटी बसवलेली असते. ट्रक मागे येताना त्याचा मागचा गार्ड (मागून धडकलेली गाडी ट्रकखाली शिरू नये म्हणून लावलेला आडवा दांडा) त्या पेटीला दाबत खाली नेतो, आणि बटण दाबले की आतला हुक वर फिरून गार्डच्या पुढून त्याला कवेत घेतो. ट्रक भरत जातो तशा पाट्यांच्या स्प्रिंगा दबून हौदा काही सेंटिमीटर खाली बसतो, तेव्हा हुकही स्प्रिंगवर त्याच्याबरोबर खाली येतो. कल्पना उत्तम आहे आणि यंत्राची घडणही मजबूत आहे. आम्ही हे यंत्र चार नंबरच्या डॉकवर बसवले. तिन्ही साधनांत हे सर्वात महागडे निघाले. त्याच्या किमतीत दोन रेल-लॉक आले असते आणि वर पैसे उरले असते.

आमच्या येथे हे यंत्र ज्या कारणाने पुरते पडले नाही, ते कारण यंत्रात नाही. हा हुक ज्या देशात विकसित झाला, त्या अमेरिकेत १९९८ पासून बनणाऱ्या ट्रेलरना मागचा गार्ड जमिनीपासून ५६ सेंटिमीटरपेक्षा वर नसावा असे बंधन आहे आणि तेथील गार्ड बहुतांशी एका धाटणीचे असतात. आपल्याकडेही आयएस १४८१२ या मानकाप्रमाणे मोकळ्या ट्रकचा मागचा गार्ड जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा उंच असू नये. कागदावर दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आहेत. प्रत्यक्षात सुरत-धुळे-जळगाव-नागपूर या रस्त्याने आमच्याकडे येणाऱ्या ट्रकचे गार्ड पाहिले तर कोणाचा एका बाजूने खाली वाकलेला, कोणाचा आत दबलेला, कोणाचा खाणीच्या कच्च्या रस्त्यावर अडतो म्हणून गॅसकटरने कापून हातभर वर वेल्ड केलेला, तर कोणाचा मुळातच गायब. अर्ध्या बॉडीच्या ट्रकमध्ये आणखी एक अडचण आहे. मागचा फाळका उघडून खाली सोडला की तो गार्डच्या पुढ्यात लोंबतो, आणि वर येणारा हुक गार्डला न भिडता फाळक्याच्या लोखंडी पट्टीवर आदळतो. पहिल्या महिन्याच्या नोंदवहीत ‘हुक बसला नाही’ हा शेरा ‘बसला’ या शेऱ्यापेक्षा जास्त वेळा आलेला आहे.

हुक बसला नाही की भोंगा वाजतो आणि लेव्हलर उचलला जात नाही. अशा वेळी काम खोळंबू नये म्हणून एक बायपास बटण दिलेले आहे. ते दाबले की ‘चोक लावला आहे, पुढे चला’ असे गृहीत धरून लेव्हलर मोकळा होतो. या बटणाविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण दीड वर्षात मला जे शिकायला मिळाले त्यातील सर्वाधिक महत्त्वाचे या बटणाने शिकवले. पहिल्या आठवड्यात मुकादम प्रत्येक वेळी खाली उतरून, चोक लावल्याची खात्री करून मगच ते दाबत असे. दुसऱ्या महिन्यात भोंगा वाजायच्या आतच बटण दाबले जाऊ लागले. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी मी पाहिले, तर बटणावर आगपेटीचे कव्हर घडी घालून चिकटपट्टीने पक्के बसवलेले होते, म्हणजे बायपास कायमचा चालू. दोष मुकादमाला देऊन चालणार नाही. दर दुसऱ्या ट्रकला खोटा ठरणारा भोंगा कोणीही बंदच करील. आम्ही बटणाऐवजी चावीचे कुलूप बसवून घेतले आणि चावी माझ्याकडे ठेवली, तेव्हा कोठे तो प्रकार थांबला. हे कुलूप कारखान्यातूनच बसवून मिळते, पण विक्रेत्याने ते आपणहून सुचवले नव्हते.

धूळ हा हुकाचा दुसरा शत्रू. डाळीच्या गोदामात चुनी आणि टरफलांचा भुसा हवेत सतत असतो. तो पेटीच्या सरकपट्टीतल्या ग्रीसवर बसून त्याचा लगदा होतो आणि पावसाळ्यात तो लगदा आंबतो. दर शनिवारी ब्रशने आणि हवेच्या नळीने सफाई करावी लागते. एकदा वीज गेली असताना हुक गार्डला धरूनच राहिला आणि जनरेटरही नेमका दुरुस्तीला होता. हाताने हुक खाली आणण्याचा दांडा यंत्राबरोबर आलेला असतो, हे माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होते, आणि दांडा कपाटात कुलूपबंद. दीड तास अडकून पडलेल्या त्या ड्रायव्हरने आम्हाला जे काही ऐकवले, त्यातला एकही शब्द अस्थानी नव्हता.

तिसरे साधन म्हणजे रेल-लॉक, आणि आमच्या परिस्थितीला हेच सर्वात जास्त मानवले. डॉकसमोर ट्रकच्या एका बाजूने जमिनीवर पोलादी रूळ बोल्टने पक्का केलेला असतो. त्यावर सरकणाऱ्या गाड्याला एक दणकट भुजा असते. ट्रक लागला की माणूस दांड्याने गाडा मागच्या चाकापर्यंत ओढत नेतो, भुजा आडवी करून टायरला भिडवतो आणि खटका दाबतो. भुजेतील सेन्सरला टायरचा दाब जाणवल्यावरच आत हिरवा दिवा लागतो. गार्ड वाकडा आहे की कापलेला, फाळका लोंबतो आहे की नाही, याच्याशी या यंत्राला कर्तव्य नाही, कारण ट्रक कसाही असला तरी चाक असतेच आणि ते गोलच असते. भुजेची उंची तीस सेंटिमीटरच्या आसपास आहे. साधारण एक मीटर व्यासाच्या टायरला एवढ्या उंचीच्या आणि जागचे न हलणाऱ्या अडथळ्यावर चढणे फार कठीण जाते, आणि चोक जसा टायरखालून घसरत पुढे जातो तसा तो घसरू शकत नाही.

त्याची परीक्षा मार्चमध्ये झाली. तीन नंबरवरच्या ट्रकचा ड्रायव्हर शेजारच्या डॉकवरील माणसाने केलेली ‘हो गया’ अशी हाक स्वतःसाठीच आहे असे समजून केबिनमध्ये चढला आणि त्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. फोर्कलिफ्ट आत होती. टायर भुजेला दाबला गेला, गाडीला एक हिसका बसला आणि इंजिन बंद पडले. भुजेवर रबराचा काळा पट्टा उमटला, एवढाच पुरावा मागे राहिला. ड्रायव्हर खाली उतरला, त्याने भुजेकडे पाहिले, मग हौद्यातल्या फोर्कलिफ्टच्या चालकाकडे पाहिले आणि काही न बोलता पाण्याची बाटली तोंडाला लावली.

तरीही रेल-लॉक डोळे मिटून घेण्यासारखे नाही, आणि मोजमापाची चूक येथे फार महाग पडते. मागच्या चाकापासून हौद्याच्या शेवटापर्यंतचे अंतर प्रत्येक गाडीत वेगळे असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत हा मागे लोंबणारा भाग पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतराच्या ६० टक्क्यांपर्यंत चालतो, त्यामुळे बत्तीस फुटी कंटेनरचे मागचे चाक डॉकपासून चार मीटरच्या आसपासही असू शकते. विक्रेत्याने आम्हाला तीन मीटरचा रूळ पुरेल असे ठामपणे सांगितले होते. सुदैवाने ऑर्डर देण्यापूर्वी मी आणि मुकादम दोन दिवस टेप घेऊन प्रत्येक येणाऱ्या गाडीचे चाक मोजत बसलो. ड्रायव्हर मंडळींना आम्ही आरटीओची माणसे वाटलो आणि दोघांनी तर कागदपत्रेही काढून दाखवली. त्या मोजणीनंतर आम्ही साडेचार मीटरचे रूळ घेतले. पिकअप आणि छोटा हत्ती यांसारख्या लहान गाड्यांना मात्र हे यंत्र निरुपयोगी आहे. पण त्यांचा हौदा डॉकच्या चार फूट उंचीपेक्षा इतका खाली असतो की त्यांच्यासाठी लेव्हलर वापरताच येत नाही, म्हणून हा दोष मी हिशेबात धरत नाही.

खरी अडचण जमिनीने केली. खानदेशातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते, हे येथे शेती करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही, परंतु पुण्याहून आलेल्या बसवणी पथकाला ते सांगूनही पटले नाही. त्यांनी एक नंबरचा रूळ जुन्या काँक्रीटवरच बोल्ट मारून बसवला. पहिला पावसाळा संपला तेव्हा काँक्रीट मधोमध उचलले गेले होते, रूळ बोटभर वाकला होता आणि गाडा मध्येच अडत होता. त्यानंतर आम्ही तेवढा पट्टा फोडून, काळी माती काढून टाकली, मुरूम भरून धुम्मस केला, सळई घालून नवे काँक्रीट केले आणि एकवीस दिवस पाणी मारल्यावरच रूळ पुन्हा बसवला. हा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळपास निम्मा झाला आणि तो आम्हालाच सोसावा लागला, कारण करारात ‘जागा ग्राहकाने तयार करून द्यावी’ असे एक वाक्य होते. तीन नंबरचा रूळ आधीच नव्या काँक्रीटवर होता. त्याला आजवर काही झालेले नाही.

दिव्यांविषयी थोडेसे. हुक आणि रेल-लॉक दोन्हींबरोबर आत एक आणि बाहेर एक अशी लाल-हिरव्या दिव्यांची जोडी येते: ट्रक धरलेला असताना आत हिरवा, बाहेर लाल, आणि सोडल्यावर याच्या उलट. व्यवस्था सोपी आहे, भाषा कोणतीही असो, ड्रायव्हरला ती कळते. आमचे डॉक पश्चिमेकडे तोंड करून आहेत, आणि दुपारी चारनंतर ऊन सरळ दिव्यांच्या काचांवर येते तेव्हा दोन्ही दिवे लागलेले आहेत असा भास होतो. अजिंठा चौफुलीजवळच्या एका वेल्डरकडून आम्ही पत्र्याच्या झडपा करून घेतल्या, त्याने ते काम निम्म्या दिवसात केले. पुरवठादाराकडे अशी सोय मागितली असता त्याचे दरपत्रक यायलाच तीन आठवडे लागले होते. मात्र लेव्हलर आणि लॉक यांची जोडणी, म्हणजे लॉक लागल्याशिवाय लेव्हलर उचलू न देणारी वायरिंग, हा भाग जादा पैसे देऊनही घ्यावाच असे माझे मत आहे. एक नंबरवर सुरुवातीला आम्ही ती घेतली नव्हती, आणि घाईच्या दिवशी तेथे रेल-लॉकचा गाडा कोपऱ्यात उभा आणि माल मात्र भरला जात आहे, असे दृश्य मी स्वतः पाहिले आहे.

काही जण विचारतात की एवढे लोखंड कशाला, ड्रायव्हरची चावी जमा करून घेतली की झाले. ते आम्ही करून पाहिले आहे. एक तर चावी काढल्याने गाडी चुकून निघणार नाही, पण सरकायची थांबत नाही. दुसरे असे की, रात्रभर गाडी हाकून आलेला माणूस केबिनमध्ये झोपतो आणि त्याच्या डोक्यावरचा छोटा पंखा बऱ्याच गाड्यांत चावी फिरवल्यावरच चालतो. मे महिन्यातील दुपारी त्याच्याकडून चावी मागणे म्हणजे त्याच्या झोपेवर पाणी ओतणे होय. आता आम्ही डॉकच्या टोकाला एक खोली, कूलर आणि माठ अशी सोय केली आहे. त्यानंतर चाव्या आपोआप जमा होऊ लागल्या.

सेवेच्या बाबतीत तिन्ही साधनांचा अनुभव वेगवेगळा आहे. चोकला सेवा लागत नाही. रेल-लॉकचा सेन्सर एकदा बिघडला, तो कुरिअरने आला आणि आमच्याच इलेक्ट्रिशियनने फोनवर विचारत विचारत बदलला. हुकासाठी मात्र प्रत्येक वेळी त्यांचाच तंत्रज्ञ यावा लागतो, आणि वार्षिक देखभाल करारात ४८ तासांत माणूस पाठवण्याचे लेखी आश्वासन असताना आमच्याकडे तो एकदा सहाव्या आणि एकदा नवव्या दिवशी पोहोचला.

ज्यांच्याकडे ठरलेल्या कंपन्यांचे बंद कंटेनर एकसारख्या गार्डसह येतात, त्यांनी हुक घ्यायला हरकत नाही. तो बसला तर त्याची पकड तिघांत पहिली आहे आणि कोणालाही खाली उतरावे लागत नाही. ज्यांच्याकडे बाजारातून मिळेल तो ट्रक लागतो, त्यांनी आधी जमीन पाहावी, मग चाके मोजावीत आणि रेल-लॉक घ्यावे. आम्ही दोन नंबरसाठी तिसऱ्या रेल-लॉकची ऑर्डर दिली आहे; मुरूम भरून झाला आहे आणि काँक्रीटवर पाणी मारणे चालू आहे. चार नंबरच्या हुकाचा लिमिट स्विच (हुक कोठवर आला हे ओळखणारा स्विच) गेल्या अकरा दिवसांपासून बंद आहे, आणि नवा येईपर्यंत त्या डॉकवर साखळीचे दोन चोक आणि मुकादमाने गावाकडून आणलेला बाभळीचा एक ठोकळा काम करीत आहेत.